पाचक सिरप, हळदीचं दूध आणि न पचणारी साखर

पत्र: माझं वय 44. कराडला राहते, शाळेच्या ऑफिसात काम करते. गेल्या दिवाळीपासून जेवण झालं की पोट टम्म फुगतं, गुरगुरतं. उसळीच्या दिवशी संध्याकाळी तर साडी सैल करून बसावं लागतं. मेडिकलवाल्यांनी एन्झाइमचं पाचक सिरप दिलं. दोन्ही जेवणांनंतर दोन-दोन चमचे घेते. तासाभरात बरं वाटतं, पण त्रास गेलेला नाही आणि आता सिरप संपलं की जेवायचीच भीती वाटते. आम्ही पूर्ण शाकाहारी. डब्याला पोळी-भाजी, आठवड्यातून तीन-चार वेळा मटकी, वाल किंवा छोले. चहा चार वेळा. झोपताना मोठा ग्लासभर हळदीचं दूध पिते, हाडांसाठी. पहाटे पोटात आवाज येतात, सकाळी दोन-तीनदा जावं लागतं. थायरॉइडची गोळी चालू आहे. वजन दोन किलो वाढलंय. सासूबाई म्हणतात, जेवल्यावर पपई खा. जाऊबाईंनी मोबाइलवर आलेलं वाचून दाखवलं की शिजवल्यावर अन्नातली एन्झाइम मरतात, म्हणून निम्मं जेवण कच्चं घ्यावं आणि जेवताना पाणी पिऊ नये, पाचकरस पातळ होतो. माझ्या शरीरात एन्झाइम कमी पडतायत का? सिरप किती दिवस घेऊ?

उत्तर:

ताई, सिरप आजपासून बंद केलंत तरी चालेल. त्याची सवय लागत नाही, अचानक सोडलं म्हणून काही होत नाही. तुमच्या पत्रातून एन्झाइमचा सरसकट तुटवडा दिसत नाही. दिसतात त्या दोन ठरावीक साखरा. एक दुधातली, एक कडधान्यांतली. त्या फोडणारी एन्झाइम तुमच्या सिरपात नाहीतच, त्यामुळे बाटल्या कितीही संपवल्यात तरी त्रास तिथेच राहणार. हे असं का, ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी दुकानदाराने काउंटरवर नवी बाटली ठेवली तर काय विचारायचं ते तुम्हालाच कळेल.

खाल्लेलं अन्न आतड्याच्या भिंतीतून रक्तात जायचं तर त्याचे रेणू फार लहान व्हावे लागतात. पिठूळ पदार्थांचं ग्लुकोज, डाळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं, तेल-तुपाची मेदाम्लं. प्रयोगशाळेत प्रथिनाचे असे सुटे तुकडे करायचे तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंश सेल्सिअसला जवळपास चोवीस तास उकळावं लागतं. आपलं पोट हेच काम 37 अंशांना काही तासांत उरकतं, आणि आपण त्या वेळात मालिका बघत बसलेलो असतो. हा फरक एन्झाइममुळे पडतो. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. ती स्वतः प्रथिनंच असतात, रासायनिक क्रियेचा वेग प्रचंड वाढवतात आणि काम झाल्यावर स्वतः तशीच उरतात, पुढच्या रेणूकडे वळतात.

तुमच्या प्रश्नाचं मर्म मात्र त्यांच्या दुसऱ्या गुणात आहे. प्रत्येक एन्झाइम ठरावीकच बंध तोडतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1894 साली यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती अजून चालते. पिष्टाची (भात-पोळीतल्या स्टार्चची) किल्ली दुधाच्या साखरेला लागत नाही, दुधाची साखर फोडणारी किल्ली वालाच्या साखरेला लागत नाही. म्हणून ‘पाचक एन्झाइम’ असं मोघम नाव वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा: कशाचं?

सुरुवात तोंडात होते. लाळेत अमायलेज असतं, ते पिष्ट फोडतं. साध्या भाताचा किंवा भाकरीचा घास भाजीशिवाय दोन मिनिटं चावत बसा, गोडसर लागायला लागतो. पिष्टातून माल्टोज नावाची साखर सुटू लागलेली असते. घट्ट पेजेत किंवा लापशीत उष्टा चमचा पुन्हा घातला की ती थोड्या वेळाने पाणचट होते, हेही बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बाळाचं उरलेलं जेवण पातळ होतं ते त्याच्या लाळेमुळे. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ तयार होते, म्हणजे पिष्ट फोडायची सोय तुमच्याकडे भरपूर आहे. ही नोंद ठेवा, पुढे बाटलीपाशी लागेल.

जठरात वातावरण एकदम बदलतं. तिथे पीएच दोनच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसासारखं किंवा त्याहूनही आंबट. या आम्लात पेप्सिन जागं होतं आणि प्रथिनं कापायला लागतं. पोटात अन्न नुसतं घुसळलं जातं की काही रसायन त्याला विरघळवतं, यावर एकेकाळी मोठे वाद होते. ते मिटवण्यात एका अपघाताचा मोठा वाटा आहे. 6 जून 1822 रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक बुजलं नाही, थेट जठरात उघडणारी वाट कायमची राहिली. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी मग रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. जठरातला रस बाटलीत काढून, शरीराइतका उबदार ठेवून त्यात मांस टाकलं, तर तेही हळूहळू विरघळलं. पोटाबाहेर! 1833 मध्ये त्यांनी हे सगळे प्रयोग छापले. सेंट मार्टिनला या कामाचा वैताग येई, तो मध्येच निघूनही जाई, आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही. पण त्याच्यामुळे जठररसाचं काम लोकांना डोळ्यांनी दिसलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1836 मध्ये, थिओडोर श्वान यांनी त्या रसातल्या प्रथिन-फोड्या द्रव्याला पेप्सिन हे नाव दिलं.

तरीसुद्धा पेप्सिनवाचून अडतं असं नाही. आजारामुळे ज्यांचं अख्खं जठर काढून टाकावं लागतं, त्या माणसांनाही डाळ, अंडी पचतात. कारण खरा कारखाना पुढे आहे, जठराच्या मागे आडवं पडलेलं, जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचं स्वादुपिंड. मधुमेहामुळे त्याचं इन्सुलिन सगळ्यांना माहीत झालं, पण त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवण्यात गुंतलेला असतो. दिवसाला लिटरभराहून जास्त रस तिथून लहान आतड्यात येतो. त्यात पिष्टासाठी अमायलेज, स्निग्धासाठी लायपेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं. सोबत भरपूर बायकार्बोनेट येतं, त्यामुळे जठरातून उतरलेलं आम्ल शमतं, कारण या एन्झाइमना आम्ल सोसत नाही. यकृतातून येणारं पित्त हे एन्झाइम नव्हे. ते तेलाचे बारीक थेंब करून देतं, म्हणजे लायपेजला काम करायला जागा मिळते.

प्रथिनं पचवणारा रस बनवणारा अवयव स्वतःच प्रथिनांचा असतो, मग तो स्वतःला का पचवत नाही? तर ट्रिप्सिन तिथे निष्क्रिय रूपात बनतं. ते आतड्यात पोचल्यावर तिथल्या अस्तराचं एक एन्झाइम त्याचा छोटासा तुकडा कापतं, तेव्हा ते कामाला लागतं आणि बाकीच्यांना कामाला लावतं. हे आतड्याऐवजी स्वादुपिंडातच घडलं तर त्याला तीव्र दाह होतो. पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं. पाठीपर्यंत जाणारी ती कळ सिरपाने थांबत नाही, तेव्हा दवाखानाच गाठावा लागतो. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण हे सदर घरातले इतरही वाचतात म्हणून लिहिलं.

शेवटचा टप्पा लहान आतड्याच्या अस्तरावर. तिथल्या पेशींच्या टोकाशी काही एन्झाइम चिकटलेली असतात. त्यांतलं एक लॅक्टेज. दुधातली साखर, लॅक्टोज, तिचे ते दोन तुकडे करतं, मग ते तुकडे आत शोषले जातात. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं, कारण बाळ दुधावरच जगतं. अंगावरचं सुटल्यावर बहुतेक माणसांमध्ये ते हळूहळू कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये ते कमीच असतं, म्हणजे हा आजार म्हणावा की सर्वसाधारण माणसाचा नेम, असाच प्रश्न पडतो. आपल्या देशात उत्तरेकडे दूध पचवणारे जास्त, दक्षिणेकडे कमी. न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ते आंबवून वायू करतात. फुगणं, गुरगुरणं, सकाळी दोन-तीनदा पळणं, हे सगळं त्यातून येतं.

आता तुमचा हिशेब मांडू. 100 मिलिलिटर दुधात जवळपास 5 ग्रॅम लॅक्टोज असतं. मोठा ग्लास 250 मिलिलिटरचा धरला तर एकदम 12 ग्रॅम. लॅक्टेज कमी असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना साधारण इतकं लॅक्टोज एका वेळी, जेवणाबरोबर घेतलं तर झेपतं. त्याच्या आसपास किंवा वर गेलं, आणि तेही जेवण उतरल्यावर नुसतंच, की कुरकुर सुरू. चहात कपाला चार-पाच चमचे दूध जात असेल तर चहाकडे तूर्त बोट दाखवायला नको. संशय हळदीच्या दुधावर आहे. हळद निर्दोष.

दुसरी साखर उसळीतली. वाल, पावटे, छोले, राजमा, चवळी, मटकी यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लागतं आणि ते माणसाच्या आतड्यात नसतं. तुमच्या नसतं, माझ्या नसतं, कडधान्यं खाऊन वाढलेल्या पैलवानाच्याही नसतं. त्यामुळे वालाच्या बिरड्यानंतर थोडा वायू सगळ्यांनाच होतो, कुणी कबूल करतं, कुणी खिडकी उघडतं. त्रास किती व्हायचा ते आतल्या जिवाणूंवर आणि आतड्याच्या संवेदनशीलतेवर ठरतं.

गंमत अशी की ते एन्झाइम खुद्द कडधान्याजवळ असतं. दाण्याला मोड येऊ लागले की तो आपली साठवलेली रॅफिनोज-स्टॅकिओज स्वतः फोडून वाढीला वापरतो. म्हणून मोड आलेली मटकी किंवा मूग तितके बाधत नाहीत. मोड आणायची आपली पद्धत या दृष्टीने फार चांगली आहे. फक्त घाईत अर्धवट भिजवून कुकरला लावू नका. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या (त्या साखरा पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर काही जातात), मग कापडात बांधून चांगले मोड येऊ द्या. छोले आणि राजम्याला आपण मोड आणत नाही, तर निदान भिजवताना पाणी एकदोनदा बदला आणि ते भिजवणीचं पाणी रश्शात वापरू नका. पूर्ण मऊ शिजवा. सुरुवातीला वाटीभराऐवजी अर्धी वाटी. आठवड्याच्या तीन उसळींपैकी दोन मुगाच्या किंवा मटकीच्या करा, वाल-छोल्यांना एकच वार द्या. उसळी बंद मात्र करू नका, शाकाहारी ताटातली प्रथिनं तिथूनच येतात.

बाटलीकडे येऊ. अशा सिरपांत बहुधा दोन गोष्टी असतात: फंगल डायस्टेज आणि पेप्सिन. डायस्टेज म्हणजे पिष्ट फोडणारं अमायलेज. 1833 मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते मोड आलेल्या बार्लीतून वेगळं केलं. पुढे जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी, जपानात सोया सॉस आणि साके करायला वापरतात त्या बुरशीतून ते काढलं आणि 1894 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. अपचनावरचं औषध म्हणून ते तुफान खपलं. तुमच्या बाटलीतलं फंगल डायस्टेज त्याच वंशातलं. उत्तम शोध, पण तुमच्याजवळ लाळेचं आणि स्वादुपिंडाचं अमायलेज आधीच मुबलक आहे. शिवाय ते बुरशीचं एन्झाइम सौम्य आंबटपणात काम करतं, जठरातल्या तीव्र आम्लात बंद पडतं, तर पेप्सिनला तेच तीव्र आम्ल हवं असतं. दोघांना एका चमच्यात घालून कुणाचं भलं होतं, ते मला कधी पटलेलं नाही.

आणि पेप्सिनबद्दल एक गोष्ट, तुम्ही ‘पूर्ण शाकाहारी’ लिहिलंत म्हणून. औषधी पेप्सिन पूर्वापार डुकराच्या जठराच्या अस्तरातून काढतात. घ्यावं की न घ्यावं ते तुम्ही ठरवायचं, माझं काम सांगण्याचं.

मग तासाभरात बरं का वाटतं? एक तर जेवणानंतरचा फुगारा तासाभरात आपणहून ओसरायला लागतो. शिवाय काही सिरपांत बडीशेप, शेपू, ओवा, वेलदोडा यांची तेलं किंवा अर्क असतात, त्याने ढेकर मोकळी होते. तेवढंच हवं असेल तर चिमूटभर ओवा किंवा बडीशेप चावा, आमटीत हिंग घाला. खर्च कमी आणि त्यात साखर नाही. लेबलवर सॉर्बिटॉल दिसलं तर आणखी सावध, कारण ती गोडी आतड्यात नीट शोषली जात नाही आणि स्वतःच वायू करते. उद्या सिरपाऐवजी कुणी एन्झाइमच्या काळ्या गोळ्या दिल्या तर त्यात बहुधा कोळशाची भुकटी असते. ती इतर औषधंही धरून ठेवते. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्या बाईने ती मनाने घेऊ नये.

सासूबाईंची पपई. सासूबाईंचं काही अगदीच चुकत नाही. पपईत पपेन असतं, प्रथिनं फोडणारं, आणि ते जोरकस आहे. मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस चोळतात तो त्यामुळेच. पण ते सगळं कच्च्या फळाच्या चिकात. पिकलेल्या गोड पपईत ते फारच कमी उरतं. आणि तुमचा त्रास प्रथिनांचा नाहीच. पपई खा, तंतू आहेत, पोट साफ होतं, चवीला छान. औषध म्हणून खाऊ नका. कच्च्या पपईचा चीक किंवा रस प्यायच्या भानगडीत पडू नका, तो घशाला आणि पोटाला जाळतो. अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, तिथेही ब्रोमेलेन नावाचं असंच प्रथिन फोडणारं एन्झाइम असतं.

जाऊबाईंच्या मोबाइलमधलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं. शिजवल्याने भाजीतली एन्झाइम निकामी होतात, बरोबर. पण ती एन्झाइम झाडाने स्वतःच्या कामासाठी बनवलेली असतात, आपल्या पचनासाठी नव्हे. कच्ची खाल्ली तरी त्यांतली बहुतेक जठरातल्या आम्लात आणि पेप्सिनपुढे टिकत नाहीत, इतर प्रथिनांसारखी तीही पचून जातात. उलट शिजवण्याने आपल्याच एन्झाइमचं काम हलकं होतं. कच्च्या तांदळातलं पिष्ट घट्ट कणांत बांधलेलं असतं, शिजल्यावर ते फुलतं आणि अमायलेजला आत शिरता येतं. कडधान्यांचं तर याहून गंभीर आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये आणि इतर कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं असतात, नीट शिजवल्यावर ती निकामी होतात. कच्चा राजमा तर विषारीच ठरतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. तेव्हा काकडी, टोमॅटो, गाजर यांची कोशिंबीर जरूर घ्या, पण ‘निम्मं कच्चं’ हा हट्ट फुगणाऱ्या पोटाला अजून फुगवेल.

पाण्याचं सांगायचं तर लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून दिवसाला सुमारे सात लिटर द्रव आतड्यात उतरतो आणि जवळजवळ सगळा परत शोषला जातो. त्यात तुमच्या एका तांब्याने काय पातळ व्हायचं? तहान लागली की प्या.

करायचं ते असं. पुढचे दोन आठवडे रात्रीचं दूध बंद. चहा चालू राहू दे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच काय कळायचं ते कळतं. दही, ताक खायला हरकत नाही: विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं फोडायला स्वतःचं एन्झाइम तुमच्या आतड्यापर्यंत घेऊन येतात. पनीर आणि चक्का यांतलं बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर निघून गेलेलं असतं, तुपात ते जवळजवळ नसतंच. रबडी, बासुंदी, खवा मात्र आटवलेलं दूध, तिथे लॅक्टोजही आटून दाट झालेलं असतं. दोन आठवड्यांनी पुन्हा एक मोठा ग्लास दूध रिकाम्या पोटी प्या, सुट्टीच्या दिवशी, घरी असताना. चार-सहा तासांत जुनी लक्षणं परतली तर उत्तर मिळालं. मोठ्या शहरांत यासाठी श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी होते, पण आधी घरचा प्रयोग करून पाहायला काहीच जात नाही. हाडांची काळजी रास्त आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, वाटी-दोन वाट्या दही यांत बरंच भागतं. लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात, त्या दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायच्या, नंतर घेऊन उपयोग नाही. कडधान्यांसाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेजच्याही आहेत, पहिल्या घासाबरोबर. लग्नाला जेवायला जायचं असेल तेव्हासाठी ठीक. रोज नकोत.

हा प्रयोग चालू असताना उसळींची पद्धतही बदलावीशी वाटेल, ती दोन आठवड्यांनंतर बदला.

थायरॉइडबद्दल: वजन वाढलंय, पोट जड वाटतंय, तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली ते बघा. थायरॉइड कमी पडलं की आतड्याची हालचाल मंदावते आणि पोट फुगतं. गोळी सकाळी उपाशी, साध्या पाण्याबरोबर आणि चहाच्या अर्धा ते एक तास आधी घेत असाल अशी आशा आहे. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू केलीत तर दोघींत चार तास अंतर ठेवा.

एन्झाइमचा खरा तुटवडा वेगळा दिसतो. स्वादुपिंडाकडे राखीव ताकद इतकी असते की लायपेज नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच स्निग्ध पदार्थ पचेनासे होतात. तेव्हा शौच फिकट, चिकट, तेलकट, अतिशय दुर्गंधीयुक्त होतं, संडासाच्या भांड्यातून सहजी वाहून जात नाही, आणि माणूस जेवत असूनही उतरत जातो. वर्षानुवर्षं दारू पिणारे, स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन गेलेले, तिथे खडे झालेले, यांच्यात हे आढळतं. शौचाच्या नमुन्यातलं इलास्टेज, स्वादुपिंडाचंच एक एन्झाइम, मोजतात. ते ग्रॅमला 200 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर संशय बळावतो. त्यांना दिली जाणारी कॅप्सूल हेही एन्झाइमच, पण तिथे एका मुख्य जेवणाला 40 ते 50 हजार युनिट लायपेज लागतं. आम्लापासून वाचावं म्हणून त्याच्या कणांवर आवरण असतं आणि ते जेवणानंतर नव्हे, जेवताना घ्यायचं असतं. सिरपाच्या दोन चमच्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही. ही कॅप्सूलही डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, पण तिथे पर्याय फारसा नसतो. अशा रुग्णाने डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावं, गुपचूप बंद करू नये.

पोळीच्या दिवशी त्रास जास्त आणि भाकरी-भाताच्या दिवशी कमी, असं काही जाणवतं का, तेही पाहा. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होणारा सीलिएक हा आजार आहे. अस्तर गेलं की त्यावरचं लॅक्टेजही जातं आणि दूध बाधायला लागतं. त्यासाठी रक्ताची टीटीजी तपासणी होते. ती करेपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर तपासणी चुकीची निर्धोक येते. जोराचे जुलाब होऊन गेल्यावरही काही आठवडे लॅक्टेज कमी पडतं, विशेषतः मुलांमध्ये, आणि मग आपोआप भरून येतं.

आता एक गोष्ट मात्र लांबवू नका. तुमचा त्रास दिवाळीपासूनचा, जवळजवळ रोजचा आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहत असेल, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होत असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा लघवीला वारंवार जावं लागत असेल, तर अंडाशयाचा आजार नाही ना, याची एकदा खात्री करतात. त्यासाठी पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी पुरेशी सुरुवात आहे. दूध बंद केल्यावर आठ-दहा दिवसांत पोट हलकं झालं तरीही फॅमिली डॉक्टरांना एकदा दाखवा आणि सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, टीएसएच एवढं करून घ्या. वजन उतरायला लागलं, शौचातून रक्त गेलं किंवा ते डांबरासारखं काळं झालं, गिळताना अडकलं, रात्री झोपेतून दुखून जाग आली, तर दोन आठवड्यांचा प्रयोगही करत बसू नका, त्याच दिवशी जा. जाताना सिरपाची बाटली पर्समध्ये टाका, लेबल डॉक्टरांनाही वाचू दे.